यंत्राच्या हाती दिलेले मुखत्यारपत्र

बेंगळुरू शहरापासून सुमारे ४० किलोमीटरांवर असलेल्या ब्यालाळू या खेड्याच्या शिवारात ३२ मीटर व्यासाची एक विशाल अँटेना आकाशाकडे तोंड करून उभी आहे, आणि त्याच परिसरात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ते केंद्र आहे जेथे आपल्या वैज्ञानिक उपग्रहांनी धाडलेली माहिती जतन केली जाते व जेथून ती देशभरच्या संशोधनसंस्थांकडे रवाना होते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या उपग्रहावर क्ष-किरण टिपणारे जे एक उपकरण आहे, त्याच्या माहितीचे दप्तर पुण्याच्या आयुका या संस्थेत सांभाळले जाते. ब्यालाळूला उतरलेली कच्ची माहिती पुण्यास यावी, तेथे तिच्यावर यथायोग्य संस्कार व्हावेत आणि अभ्यासकांच्या उपयोगी पडेल असे रूप घेऊन ती पुन्हा ब्यालाळूच्या संग्रहात दाखल व्हावी, असा हा क्रम. कचेरीच्या वेळेशी उपग्रहाला कर्तव्य नसते. रात्री दोन वाजता आलेल्या माहितीच्या पाठवणीसाठी कोणी कारकून गणकयंत्रापुढे जागत बसेल आणि दर खेपेस परवलीचा शब्द टंकित करील, ही व्यवस्था अशा व्यवहाराला कधीच पुरी पडणारी नाही.

हे एक उदाहरण मुद्दाम उदात्त क्षेत्रातले घेतले; परंतु इलेक्ट्रॉनिक सिटीपासून व्हाइटफील्डपर्यंत पसरलेल्या या नगरीचा फार मोठा उद्योग नेमका ह्याच जातीचा आहे, याची जाणीव बाहेरच्या वाचकाला क्वचितच असते. इस्पितळातील तपासण्यांचे अहवाल, कारखान्यांच्या पगारपत्रकांच्या फायली, विमा कंपन्यांच्या दाव्यांचे तपशील, आणि बँकांच्या दिवसभराच्या उलाढालीची रुजुवात घालण्यासाठी लागणारी जाडजूड नोंदपत्रके, ही सारी संपत्ती एका सर्व्हरवरून दूरच्या दुसऱ्या सर्व्हरकडे ठराविक प्रहरी, कोणाच्याही हस्तक्षेपावाचून, आपोआप जात असते. ज्या यंत्रणेने ही वाहतूक चालते तिला येथील तरुण मंडळी आपल्या रोजच्या बोलीत 'क्रॉन जॉब' म्हणतात, आणि ती पासवर्डवाचून चालावी म्हणून जी सोय करतात तिला नुसते 'की टाकली' असे म्हणून मोकळे होतात. ही 'की टाकणे' म्हणजे वस्तुतः काय, तिने कोणता अखत्यार कोणाच्या हाती जातो, आणि तो अखत्यार परत कसा घ्यावयाचा, हा विचार मात्र फारसा होताना दिसत नाही; आणि तो व्हावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

दूरच्या गणकयंत्रांमध्ये फायलींची देवघेव कशी करावी याची पहिली नियमावली एका भारतीयानेच लिहिली, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असावयास हवी तितकी नाही. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेले अभय भूषण हे अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये या नियमावलीचा, म्हणजे एफटीपीचा, मूळ मसुदा सिद्ध केला. तो काळ असा की जाळ्यावर मोजकी यंत्रे होती आणि ती चालविणारे लोक एकमेकांच्या परिचयाचे होते. त्यामुळे पुढे त्या नियमावलीनुसार जो व्यवहार रूढ झाला, त्यात वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द ही दोन्ही तारेवरून उघड्या अक्षरांत जात, याचे कोणाला वैषम्य वाटले नाही. जाळे जगभर पसरल्यावर याच भोळेपणाची किंमत मोजावी लागली. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी अज्ञाताने चोरून कान लावला व अनेकांचे पासवर्ड लांबविले; तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच ही नवी पद्धती लिहून काढली, आणि ती इतकी हवीशी ठरली की त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे ५० देशांतील २०,००० लोक ती वापरू लागले. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी तिची ओपनएसएसएच नावाची, सर्वांस मोफत मिळणारी आवृत्ती काढली आणि आज जगातील बहुसंख्य सर्व्हर तिच्याच भरवशावर चालतात.

या पद्धतीचा प्राण ज्या कल्पनेत आहे ती तिच्याही आधीची, १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जाहीरपणे मांडलेली. आणि मानवी बुद्धीने गेल्या शतकात जी थोडी खरोखर नवी सत्ये शोधली त्यांत तिची गणना करावी असे मला वाटते. एकच गुपित दोघांनी वाटून घेण्याऐवजी एकाने परस्परांशी गणिताने बांधलेल्या दोन किल्ल्या घडवाव्यात. त्यांतील एक खाजगी, ती स्वतःच्या यंत्राबाहेर कधीच जाऊ द्यावयाची नाही, आणि दुसरी सार्वजनिक, ती खुशाल चव्हाट्यावर लावावी. दूरच्या सर्व्हरवर आपली सार्वजनिक किल्ली एका ठराविक फायलीत नोंदवून ठेवली की पुढे जेव्हा जेव्हा आपले यंत्र त्याच्या दाराशी जाते, तेव्हा ते त्या भेटीपुरत्या निर्माण झालेल्या एका विशिष्ट मजकुरावर खाजगी किल्लीने सही करते, आणि पलीकडचा सर्व्हर ती सही सार्वजनिक किल्लीने पडताळून आत घेतो. गुपित तारेवरून गेलेच नाही, तर ते वाटेत चोरावयाचे कसे? शिवाय ती सही त्या एका भेटीपुरतीच असल्याने टिपून ठेवून दुसऱ्या दिवशी वापरावी म्हटले तर तीही निरुपयोगी. ज्या कचेऱ्यांत अद्याप स्क्रिप्टच्या पोटात पासवर्ड उघड लिहिलेला असतो, आणि ती स्क्रिप्ट ज्याच्या ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती तिजोरीही जाते, त्यांनी ही पद्धती आजच्या आज स्वीकारावी, यात दुमत होण्यास जागा नाही.

मात्र येथेच थांबून 'आता आपण सुरक्षित झालो' असे समजणे ही या नगरीत फार बोकाळलेली समजूत आहे. स्वयंचलित कामासाठी जी किल्ली घडवितात तिच्यावर सांकेतिक वाक्याचे कुलूप सहसा घालीत नाहीत, कारण ते उघडावयास रात्री दोन वाजता तेथे कोणी नसते. म्हणजे ती किल्ली ज्या फायलीत आहे ती फाईल ज्याला वाचता आली, तो पलीकडच्या यंत्राच्या दृष्टीने आपणच झाला. आपल्या कायद्याच्या व्यवहारात मुखत्यारपत्राचे दोन प्रकार आहेत. कुलमुखत्यारपत्राने मुखत्यार मालकाच्या जागी उभा राहून खरेदी, विक्री, गहाण, कोर्टकचेरी, सारे काही करू शकतो. विशेष मुखत्यारपत्राने मात्र त्याला एखादे नेमके कामच करता येते, त्याच्या पलीकडे त्याच्या शब्दाला किंमत नसते. गावाकडच्या एका घराचे भाडे वसूल करण्यासाठी कोणी शहाणा गृहस्थ आपल्या साऱ्या इस्टेटीचे कुलमुखत्यारपत्र लिहून देत नाही. आणि तरीही, रात्री एक फाईल एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याच्या क्षुल्लक कामासाठी, आमच्याकडची उत्तमोत्तम शिकलेली मंडळी यंत्राच्या हाती जी किल्ली देतात, ती बहुधा संपूर्ण सर्व्हरचे कुलमुखत्यारपत्रच असते: तिने फाईल ठेवता येते, तशीच दुसऱ्याची वाचता येते, पुसता येते, नवे प्रोग्राम चालविता येतात आणि तेथून आणखी पुढच्या यंत्राकडे भुयार काढता येते.

याचा परिणाम काय होऊ शकतो हे आपल्या सहकारी बँकांच्या ग्राहकांना दोन दिवस तरी अनुभवास आले. ३१ जुलै २०२४ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जाहीर केले की, लहान बँकांना गणकयंत्रसेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर संगणकविषाणूचा हल्ला झाला असण्याचा संभव असल्याने तिला देशाच्या देयकव्यवस्थेपासून तात्पुरते अलग करण्यात आले आहे. सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे सहकारी व ग्रामीण बँकांचे, व्यवहार त्यामुळे अडले. दुसऱ्या दिवशी संबंध पूर्ववत जोडले गेले. बेंगळुरूच्या क्लाउडसेक या सुरक्षासंस्थेने नंतर या प्रकरणाचा जो माग काढला, त्यात प्रवेशाची वाट म्हणून व्यवस्थित न बसविलेल्या एका जेन्किन्स सर्व्हरकडे बोट दाखविले. जेन्किन्स हे आपोआप कामे पार पाडणारे, म्हणजे आपल्या विषयातलेच यंत्र. आणि त्या वर्षीच्या जानेवारीत त्यातील असा एक दोष प्रसिद्ध झाला होता की ज्यायोगे बाहेरच्या माणसाला त्या सर्व्हरवरील फायली वाचता येत. फायली वाचता आल्या की किल्ल्या वाचता आल्या. आणि ज्या यंत्राचे कामच दहा ठिकाणी जाऊन दहा कामे करण्याचे, त्याच्या खिशात दहा ठिकाणच्या किल्ल्या असणारच. अशा यंत्राची दुरुस्ती वेळेवर करणे हे त्याच्या मालकाचे कर्तव्य खरेच; परंतु दोष आज एका प्रोग्राममध्ये सापडला, उद्या दुसऱ्यात सापडेल, हे गृहीत धरूनच किल्लीची व्याप्ती ठरवावयास हवी. चोराच्या हाती किल्ली गेली तरी तिने एका दालनातील एकच खण उघडतो, अशी मांडणी आधीच केलेली असेल, तर हानीचे स्वरूपच पालटते.

आणि ही मांडणी करणे दुर्घट मुळीच नाही, हे मला येथे विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे. ज्या फायलीत सार्वजनिक किल्ली नोंदवितात, त्याच ओळीच्या आरंभी तिच्या अटीही लिहिता येतात: ही किल्ली अमुक एका पत्त्यावरून आली तरच मान्य करावी, तिने केवळ अमुक एकच आज्ञा चालावी, मग मागणारा काहीही मागो, तिला भुयारे काढण्याची, टर्मिनल उघडून बसण्याची मुभा नसावी, आणि अमुक तारखेनंतर ती आपोआप रद्दबातल समजावी. विशेष मुखत्यारपत्राची सारी कलमे एका ओळीत मावतात. या कामासाठी सर्व्हरवर स्वतंत्र, हलक्या अधिकाराचे खाते उघडावे. मुख्य प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या, नावाने फायलींची ने-आण करणे हा प्रघात तर ताबडतोब बंद व्हावा. फायली नेण्यासाठी बहुतेक ठिकाणी जे आरसिंक नावाचे अवजार वापरतात, आणि जे १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी लिहिले, त्याच्या जोडीस एक छोटी मदतनीस स्क्रिप्ट मिळते. तिने एखादी किल्ली एकाच फोल्डरपुरती, किंबहुना त्या फोल्डरच्या केवळ वाचनापुरती बांधून टाकता येते.

पाठवणाऱ्याने ढकलावे की घेणाऱ्याने ओढावे, हा प्रश्नही वरवर तांत्रिक वाटतो. तथापि माझ्या मते त्यात संस्थेचे दूरदर्शित्व कसाला लागते. पुष्कळ ठिकाणी मुख्य सर्व्हरच रोज रात्री आपली प्रत राखीव सर्व्हरकडे ढकलतो आणि त्यासाठी राखीव सर्व्हरची किल्ली त्याच्यापाशी असते. मुख्य सर्व्हर खंडणीखोराच्या ताब्यात गेला की तीच किल्ली वापरून तो प्रथम राखीव प्रती नष्ट करतो आणि मग खंडणीची चिठ्ठी लिहितो. याउलट, राखीव सर्व्हरने केवळ वाचनाचा अधिकार असलेल्या किल्लीने मुख्य सर्व्हरवरून प्रत ओढून आणावी आणि मुख्य सर्व्हरला राखीव सर्व्हरकडे जाण्याची वाटच नसावी, अशी योजना केली तर एका घराला लागलेली आग दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, आणि ते दुर्लक्ष जाणूनबुजून होते म्हणून अधिक दोषास्पद आहे. आपले यंत्र पलीकडच्या सर्व्हरला ओळख देते, तशी पलीकडचा सर्व्हरही आपल्या यंत्राला स्वतःची ओळख देत असतो. प्रथम भेटीत ती पारखून नोंदवून ठेवावयाची आणि पुढे ती बदललेली दिसली की काम थांबवावयाचे, असा नियम आहे. परंतु थांबलेले काम रात्री कोणाला तरी उठविते, म्हणून ही पारखच बंद करून टाकणारी एक ओळ अनेक स्क्रिप्टांत निमूटपणे लिहिलेली आढळते. मार्च २०२३ मध्ये गिटहब या जगद्विख्यात सेवेची अशीच एक ओळखीची खाजगी किल्ली चुकून काही काळ सार्वजनिक झाली, आणि २४ तारखेस तिने ती बदलली. ज्यांची पारख चालू होती त्यांच्या यंत्रांनी त्या दिवशी धोक्याचा इशारा दिला व मंडळींनी गिटहबने जाहीर केलेल्या नव्या ओळखीशी ती ताडून पाहिली. ज्यांनी पारख बंद ठेवली होती त्यांना काही कळलेच नाही, आणि त्या जागी कोणी तोतया उभा राहिला असता तरीही कळले नसते. एका रात्रीच्या झोपमोडीच्या बदल्यात पत्करलेला हा धोका मला कोणत्याही हिशेबाने परवडणारा वाटत नाही.

बेंगळुरूच्या संबंधात या प्रश्नाला एक खास कंगोरा आहे. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात जन्मली आणि १९८३ मध्ये येथे आली, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये येथे केंद्र काढले आणि पुढे उपग्रहाच्या संपर्कावर येथून परदेशाशी काम आरंभिले. तेव्हापासून हे शहर दुसऱ्यांची यंत्रे दुरून सांभाळण्याचे शहर झाले आहे. येथे माणसे नोकऱ्या वारंवार बदलतात, त्यात मराठी तरुणांचाही भरणा मोठा; आणि नोकरी सोडणाऱ्याकडून ओळखपत्र परत घेतात, लॅपटॉप परत घेतात, ईमेल बंद करतात, पण त्याने तीन वर्षांपूर्वी कोणत्या सर्व्हरवर कोणती किल्ली नोंदविली होती, हे विचारणारा कोणी नसतो, कारण त्याची कोठे वहीच नसते. पासवर्ड निदान कधी तरी बदलावा लागतो. किल्ली मात्र कोणी हात लावीपर्यंत अव्याहत चालू राहते. हा धोका काल्पनिक म्हणून झटकण्याजोगा नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या मानकसंस्थेने स्वयंचलित कामांतील किल्ल्यांच्या व्यवस्थापनावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याच्या लेखकांत स्वतः युलोनेन होते. ज्याने ही पद्धती जगाला दिली, त्यालाच वीस वर्षांनी तिच्या बेवारस किल्ल्यांबद्दल सावध करावे लागले.

नोंदवहीचे महत्त्व २००८ सालच्या एका प्रकरणाने पुरते सिद्ध केले होते. डेबियन या प्रसिद्ध प्रणालीत २००६ पासून शिरलेल्या एका चुकीमुळे तिच्यावर घडविलेल्या किल्ल्यांच्या यादृच्छिकतेचाच लोप झाला होता, आणि एका प्रकारच्या यंत्रावर, एका जातीच्या व लांबीच्या किल्लीसाठी, केवळ ३२,७६८ किल्ल्या संभवत होत्या. म्हणजे त्या साऱ्या कोणालाही अगोदर घडवून ठेवता येत. अशा वेळी आपल्याकडील कोणती किल्ली केव्हा, कोणत्या यंत्रावर, कोणत्या कामासाठी घडली, याची नोंद ज्या संस्थेकडे होती तिने त्या बदलून टाकल्या. इतरांना एकेक सर्व्हर उघडून धुंडाळत बसावे लागले.

सरकारी पातळीवर या दिशेने काहीच घडले नाही असे मी म्हणणार नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सुरक्षाभंगाची खबर सहा तासांच्या आत देणे आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस देशात जपून ठेवणे बंधनकारक झाले आहे, आणि त्या निर्देशांचा हेतू स्तुत्य आहे. परंतु एकच किल्ली पंधरा कामांना आणि चार विभागांना वाटून दिली असेल, तर १८० दिवसांच्या नोंदी चाळूनही एवढेच कळते की 'त्या' किल्लीने कोणी तरी आले होते. एका कामाला एक किल्ली, हा साधा नियम पाळला तरच नोंदीला साक्षीची योग्यता येते. मोठ्या संस्थांनी तर याही पुढे जाऊन, ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून उपलब्ध असलेली मुदतबंद प्रमाणपत्रांची सोय अंगीकारावी. तीत किल्लीला काही तासांपुरताच अखत्यार मिळतो आणि मुदत सरली की ती कोणी रद्द न करताच निष्प्रभ होते.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, सांगलीची किंवा बेळगावची एखादी लहान सहकारी बँक एवढी तज्ज्ञ माणसे आणणार कोठून? आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याचे उत्तर अवघड नाही. वर सांगितलेल्यांपैकी एकाही अवजाराला परवाना-शुल्क पडत नाही. अटींची ओळ लिहिणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. आणि ज्या कंपनीला ही बँक दरसाल सेवेचे पैसे मोजते, तिच्याकडून ते करवून घेण्याचा तिला पुरा हक्क आहे. उणीव आहे ती विचारणाऱ्याची. लेखापरीक्षक रोख शिलकेची मोजदाद करतो, तारण दागिन्यांची पाकिटे उघडून पाहतो, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे आहेत ना याची खातरजमा करतो. सर्व्हरच्या किल्ल्यांविषयी मात्र तो अवाक्षर काढीत नाही.

म्हणून अशा बँकांच्या आणि पतसंस्थांच्या संचालकांना माझी विनंती आहे की, येत्या मासिक सभेत त्यांनी आपल्या संगणकविभागाकडून आणि सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडून एक लेखी यादी मागवावी: आपल्या सर्व्हरांवर एकूण किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत, प्रत्येक कोणत्या कामासाठी आहे, ती कोठून चालते, तिला कोणती मर्यादा घातली आहे, तिची मुदत केव्हा संपते आणि तिचा जबाबदार अधिकारी कोण. जिच्यापुढे हे सारे रकाने भरता येणार नाहीत, ती किल्ली त्याच सभेच्या ठरावाने रद्द करावी.